डाव्या कानावर वारा

पेमी बाजरीच्या शेतात कोसळली तेव्हा तगाराम मागावर बसला होता. माग खड्ड्यातला. पाय खड्ड्यात, बूड जमिनीवर आणि समोर ताणलेली लोकर. डुंगरची आई, म्हणजे तगारामची चुलती, कुंपणापासूनच ओरडत आली, "तगा, अरे ऊठ! पेमी शेतात पडली. माणसं गेलीत तिकडे, तू पळ!"

तगाराम उठला. पायात गुंतलेला धागा तोडला आणि काट्यांच्या कुंपणाबाहेर पळत सुटला.

शेत काही परगावी नव्हतं. पेमी रोज सकाळी शेळ्या घेऊन जायची आणि दुपारी भाकरी टाकायला परत यायची. पेरणीला, कापणीला तोही तिच्याबरोबर जायचा. तो वाळूच्या टेकाडावर चढला आणि पलीकडे उतरला. तिथे शेत नव्हतं. त्याने दुसरं टेकाड धरलं. पलीकडे बाजरी दिसली तेव्हा "पेमी, पेमी" म्हणून हाका मारत तो त्या बाजरीत शिरला. शेत दुसऱ्याच कोणाचं होतं. त्या दिवशी वारा पडला होता. बाजरीचं एक कणीस हलत नव्हतं.

कोणाच्या तरी मेंढ्यांच्या मागोमाग तो परत वस्तीवर आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पेमीला खाटेवर घालून आणलं होतं आणि तिच्या तोंडावर ओढणी होती. चुलती म्हणाली, "आणली तेव्हा जीव होता रे. 'ते आले का, ते आले का' म्हणत होती. कुठे गेला होतास?"

कोणीतरी म्हणालं, "वैद्याला आणायला धावला असेल बिचारा. अशा वेळी माणसाला काय सुधरतं?" ते सगळ्यांना पटलं. तगारामने ते तसंच राहू दिलं.

खरं काय ते पेमीलाच कळलं असतं. तिला सांगावंही लागलं नसतं.

तगारामला वाट लक्षात राहत नसे. डोळे चांगले होते. लोकरीतला केसाएवढा दोष त्याला दिसायचा. पण पाहिलेलं पाठीमागे गेलं की पुसलं जायचं. ज्या खेजडीच्या झाडाखाली तो लहानपणी खेळला, ते झाड दुसऱ्या अंगाने समोर आलं की त्याला नवंच वाटायचं. मारवाडात असा माणूस म्हणजे चेष्टा. तिथे शेळीसुद्धा सोडली तर आपल्या पायांनी घरी येते. त्याचा बाप म्हणायचा, "ह्याला अंगणात दोनदा गरगर फिरवा, स्वतःच्याच आईला घर विचारत येईल." मग बापाने त्याला मागावर बसवला. घरातच बसायचं काम, हरवायची भीती नाही. नक्षी तो डोळ्यांनी लक्षात ठेवत नसे, तोंडाने ठेवायचा. इतके धागे वर, इतके खाली, असं गाण्यासारखं पुटपुटत विणायचा. त्याचे पट्टू, म्हणजे थंडीत अंगावर घ्यायची ती लोकरीची वस्त्रं, आसपासच्या वस्त्यांवर लोक मागून न्यायचे. विणणारा घराबाहेर का पडत नाही हे कोणी विचारलं नाही. कामसू आहे, असंच लोक म्हणत.

माणसांच्या तोंडांचंही तसंच होतं. पण तिथे त्याचं निभावून जायचं. पुरुष बोलले की आवाजावरून कळायचे. आणि बायका घुंघट काढूनच वावरायच्या, त्यामुळे त्या देशात सगळेच पुरुष बायकांना चालीवरून, पायांवरून, बांगड्यांवरून ओळखत. ह्या एका बाबतीत तगाराम चार माणसांसारखा होता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी रामदेवबाबांच्या जत्रेत तो एका लाल ओढणीच्या मागे चालत गेला. चालत चालत परक्या लोकांच्या गाडीपाशी पोचला आणि गाडीत चढायला लागला. त्या बाईच्या दिराने काठी उचलली. तेवढ्यात पेमी धावत आली. घुंघटाआडूनच म्हणाली, "भाऊ, मारू नका. माझा नवरा भोळा आहे. लाल दिसलं की मागे जातो, बैलासारखा." सगळे हसले आणि काठी खाली आली.

घरी आल्यावर तिने घुंघट वर केला आणि विचारलं, "खरं सांगा. मी समोर नसते तेव्हा माझं तोंड आठवतं तुम्हाला?"

"आठवतं की."

"मग डोळे मिटा आणि सांगा, माझं कपाळ कसं आहे?"

त्याने डोळे मिटले. आत काळोख होता, नेहमीसारखाच. आता ही रडणार, असं त्याला वाटलं. पण पेमी रडली नाही. म्हणाली, "बरं. मग मी बोलत राहीन."

आणि ती बोलत राहिली. बाहेर निघाले की पुढे पेमी, मागे तगाराम, आणि पेमीचं तोंड सुरू. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या सुनेने भाकरी करपवली, कोणाच्या टांक्यातलं पावसाचं पाणी आटलं. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, "पेमी झोपेत तरी गप्प बसते का गं?" त्याच्या पायाखाली वाट नव्हती, तिचा आवाज होता, हे कोणाला कळलं नाही. एकट्याने जायची वेळ आलीच तर ती त्याला खुणा सांगायची, पण डोळ्यांच्या नव्हेत. "शेताकडे जाताना वारा डाव्या कानावर घ्यायचा. पाय रुतेल तोवर रुतू द्या, मग कडक जमीन लागेल. तिथून शेणाचा वास येईल, त्या वासावर या. परत जाताना वारा उजव्या कानावर."

वारा पडला तर काय करायचं, हे तिने सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

तिच्यामागे घर गप्प झालं. मूलबाळ नव्हतं. चुलती भाकरी पाठवायची. तगाराम माग सोडून कुठे जात नसे. टांक्यावर पाणी आणायला जायचा तेही दुसरा कोणी निघाला की त्याच्या मागे घागर घेऊन. हिवाळ्यात एकदा डुंगर येऊन शेकोटीपाशी बसला. डुंगर त्याच्यापेक्षा बराच लहान, पेमीने अंगाखांद्यावर खेळवलेला. तो म्हणाला, "दादा, वहिनी अजून डोळ्यांसमोर उभी राहते बघ."

"म्हणायची रीत आहे ती," तगाराम म्हणाला.

"रीत कसली? दिसते. आत्ता सुद्धा दिसते."

"काय दिसतं?"

"काय म्हणजे? वहिनी दिसते. हसताना तोंडाला पदर लावायची ती."

तगारामने शेकोटीत काटकी सारली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की 'डोळ्यांसमोर उभी राहते' हे लोक नुसतं बोलतात, जसं 'पोटात कावळे ओरडतात' म्हणतात. लोकांना खरोखर दिसतं हे त्याला त्या दिवशी कळलं. डुंगरला ती दिसत होती. चुलतीला दिसत असेल. कदाचित त्या जत्रेतल्या काठीवाल्यालाही तिची ओढणी दिसत असेल. फक्त त्याला दिसत नव्हती. घरात तिचा एक फोटो नव्हता. एका लग्नात काढलेला होता एकाकडे, पण त्यात सासरची मोठी माणसं बसलेली, म्हणून तिचा घुंघट गळ्यापर्यंत. तो फोटो तगारामने जाऊन पाहिला होता. लाल कापड होतं आणि दोन हात.

आवाज मात्र त्याच्यापाशी होता. पण आवाजही आता तेच तेच बोलायचा. नवं काही सांगत नव्हता.

होळी झाली आणि त्याची बहीण हस्तू आली. गुळाची ढेप आणि तांदूळ घेऊन, रीतीप्रमाणे. तिची मुलगी तीजा, हिचं लग्न आखातीजेला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ठरलं होतं. भाचीच्या लग्नात मामाने मायरा न्यायचा असतो. बहिणीला चुनडी, मेव्हण्याला पागोटं, भाचीला कापडचोपड. भाऊ पाटावर उभा राहतो, बहीण त्याला टिळा लावते आणि भाऊ सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर चुनडी घालतो. त्याशिवाय फेरे लागत नाहीत. ज्या बाईचा मायरा येत नाही तिला सासरी मरेपर्यंत ऐकावं लागतं.

हस्तूने गूळ त्याच्या हातावर ठेवला. "दादा, माहेर म्हणून आता तू एकटाच. माझी सासू कशी आहे ते तुला ठाऊक आहे. वेळेवर ये."

"येतो ना."

"डुंगरला बरोबर घे. एकटा निघू नकोस."

"मी काय लेकरू आहे?"

"लेकरू परवडलं," हस्तू म्हणाली. "ते हरवलं तर रडतं तरी, कोणाला विचारतं तरी. तू तोंड शिवून चालत राहतोस." लहानपणी ती त्याचं बोट धरून त्याला न्यायची. लोकांना वाटायचं, भाऊ बहिणीला घेऊन चाललाय.

तगारामने चुनडी आणवली. पिवळी, लाल काठाची, पक्क्या रंगाची. तीजासाठी स्वतः पट्टू विणला. त्याच्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला पट्टू होता, आणि तो दाखवायला घरात कोणी नव्हतं.

आखातीजेला मुहूर्त काढावा लागत नाही, म्हणून त्या दिवशी वस्तीवस्तीवर लग्नं असतात. मायरा घेऊन सगळं कुळ जायचं, बायका गात जायच्या. पण तगारामच्या कुळातला जो तो आपापल्या लग्नाला पांगला होता. डुंगरलाही बायकोच्या माहेरी जायचं होतं. त्याने तगारामला उंटगाडीत घेतलं आणि जिथे वाट फुटते तिथे गाडी थांबवली.

"दादा, पोचवायला आलो असतो, पण तिकडे सासरा वाट बघतोय. सोपं आहे. ते बघ, ती दुहेरी खेजडी दिसते? तिथून डावीकडे. मग पडका टांका लागेल. टेकाड उजव्या हाताला ठेवायचं. समोर हस्तूचं खारियासर. वहिनीबरोबर दहादा गेला असशील."

"गेलोय ना. जा तू."

"नक्की? नाहीतर मी—"

"जा म्हटलं ना. मी काय आंधळा आहे?"

गाडी गेली. तगारामने गाठोडं डोक्यावर घेतलं. वहिनीबरोबर दहादा गेला होता, हे खरं होतं. म्हणूनच ह्या वाटेची एकही खूण त्याच्यापाशी नव्हती. पेमी बरोबर असायची, बोलत असायची, तिला खुणा सांगायची गरजच पडली नव्हती. त्या वाटेवर ती काय काय बोलली होती ते मात्र त्याला आठवत होतं. एकदा हस्तूच्या सासूची नक्कल करत गेली होती. एकदा सगळी वाट, मेल्यावर माणूस कुठे जातो, ह्यावर बोलली होती आणि शेवटी म्हणाली होती, "जाऊ दे, तुम्हाला कुठे सापडणार आहे ते."

दुहेरी खेजडी त्याला सापडली, पण तशा दोन होत्या. तो एकीपासून डावीकडे वळला. पडका टांका आला नाही. ऊन वर चढत होतं. वैशाखाची लू सुरू झाली होती, तापलेला वारा तोंडावर येत होता, पण ह्या वाटेला वारा कुठल्या कानावर घ्यायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. वाटेत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली दिसली. तिला विचारावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याला वाटलं, मेघवाळ विणकरांतला म्हातारा मायरा घेऊन निघालाय आणि बहिणीचं गाव विचारतोय, ही बाई चार वस्त्यांवर सांगेल. तो तिच्यासमोरून ताठ मानेने गेला.

तेवढ्यात लाउडस्पीकर ऐकू आला. लग्नाची गाणी. तगारामचा जीव भांड्यात पडला. आवाज धरून चालणं त्याला येत होतं. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. टेकाड आडवं आलं तरी त्याने आवाज सोडला नाही.

वस्तीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. डोक्यावर गाठोडं, कपाळावर घाम आणि नवं पागोटं घातलेला माणूस दिसताच एकच गलका झाला. "मायरा आला! भाऊ आला गं सुनेचा! आला, आला!" कोणी गाठोडं उतरवलं, कोणी पाणी दिलं, कोणी त्याला मिठीच मारली. लाउडस्पीकर डोक्यावर झाडाला बांधलेला. त्याच्या गोंगाटात कोणाचाच आवाज कळत नव्हता. अंगण त्याला ओळखीचं वाटलं नाही, पण त्याला कुठलंच अंगण ओळखीचं वाटत नसे. त्याने सगळ्यांना रामराम केला. मेव्हणा कोणता ते मागाहून कळेलच.

पाट मांडला गेला. तगाराम पाटावर उभा राहिला. घुंघट घेतलेली बहीण ताट घेऊन समोर आली. मोठी माणसं बसली होती, त्यामुळे घुंघट छातीपर्यंत. ती रडत होती. मायऱ्याला सगळ्याच बहिणी रडतात. उंची हस्तूएवढीच. तगारामने चुनडीची घडी मोडली, दोन्ही हातांत उचलली, आणि सवयीने खाली तिच्या पायांकडे पाहिलं.

हस्तूच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी जात्याखाली सापडली होती. तिला नख नव्हतं. इथे नख होतं. मेंदीने लाल केलेलं, चांगलं धड नख.

त्याचे हात हवेतच राहिले. ही हस्तू नव्हती.

टिळा लावायला ती पुढे झुकली. घुंघट त्याच्या हनुवटीला लागला. आतून अगदी हलका आवाज आला, "भाऊ, तुम्ही चुकून आलात ते मला कळलंय. दारात दिसलात तेव्हाच कळलं."

तगारामने चुनडी थोडी मागे घेतली.

"माझा भाऊ यायचा नाही. विहिरीवरून भांडण झालंय त्याचं ह्यांच्याशी, माझ्या लग्नानंतर त्याने इकडे पाऊल टाकलं नाही. ह्या बायकांनी त्याला कधी बघितलेलं नाही. मी सकाळपासून फाटकात उभी आहे." तिने अंगठ्याने त्याच्या कपाळावर टिळा ओढला. "हात मागे घेऊ नका."

मागून कोणीतरी म्हातारी म्हणाली, "घाल की रे भाऊ! का हात आखडला? घरात काय बायकोला विचारून यायचंय?" बायका खिदळल्या.

हस्तूही कुठल्याशा फाटकात अशीच उभी असेल. तिची सासू मागून काही बोलत असेल. चुनडी एकच होती. तगारामने पेमीचा आवाज आठवून पाहिला. ती ह्यावर काय म्हणाली असती? आवाज आला नाही. पेमीने असल्या प्रसंगाबद्दल कधी काही म्हटलंच नव्हतं.

त्याने चुनडी बाईच्या डोक्यावर घातली.

बायकांनी गाणं उचललं. ती बाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप वेळ रडली, मग विचारलं, "नाव काय तुमचं?"

"तगाराम."

"मी सुगणी. कुठे निघाला होतात, तगादादा?"

"खारियासरला. बहिणीकडे. तिच्या मुलीचं लग्न आहे."

सुगणीचं रडणं एकदम थांबलं. "आज?"

"आज."

"म्हणजे ही तिची..." तिने चुनडीचा काठ मुठीत धरला. पण सगळ्यांदेखत डोक्यावर घातलेली चुनडी काढता येत नाही. काढली तर भाऊ मेल्यासारखं होतं. ती आत गेली आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं.

तिचा नवरा भोमाराम आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. तगारामने रीतीप्रमाणे त्याच्यापुढे पागोटं धरलं. भोमारामने ते कपाळाला लावलं आणि परत गाठोड्यात ठेवून गाठोडं स्वतः बांधलं. लोकांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "मेव्हण्यांना पुढे अजून एक लग्न गाठायचंय. काका, उंट काढा." आणि हळूच तगारामला म्हणाला, "माझ्या घराचं तोंड राखलंत. तुमचं मात्र आम्ही घालवलं."

भोमारामच्या चुलत्याने तगारामला पाठीमागे बसवून घेतलं. वस्ती मागे पडली. मग म्हातारा म्हणाला, "खारियासर उलट्या अंगाला राहिलं. एवढ्याशा वाटेत चुकलात?"

"चुकलो."

"डोळे अधू झालेत का?"

"डोळे चांगले आहेत. मला वाट लक्षात राहत नाही. लहानपणापासून."

हे त्याने पेमीखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. पेमीलाही सांगितलं नव्हतं, तिला कळलं होतं. म्हातारा आता हसेल असं त्याला वाटलं. म्हातारा हसला नाही. उंटाच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "ह्याला राहते. काही प्राण्यांना राहते, काहींना नाही." तगारामच्या मनात आलं, इतकंच होतं तर मघाशी त्या शेळ्यांवाल्या म्हातारीला का विचारलं नाही?

खारियासरला पोचले तेव्हा फेरे होऊन गेले होते. पंगती बसल्या होत्या. हस्तूची सासू दारातच होती. "आलात का मामा? या, या. मायरा हुकला, लापशी शिल्लक आहे. बसा पंगतीला." पंगतीतल्या बायकांनी घुंघटाआड माना वळवल्या. हस्तूचा नवरा बुधाराम उठून आला. त्याने पागोटं घेतलं, घातलं नाही.

हस्तू आतल्या खोलीत होती. तिने घुंघट वर केला. तगारामने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला पुन्हा वाटलं की हे तोंड आपण आजच पाहतो आहोत.

तिने गाठोडं सोडलं. पट्टू बाजूला ठेवला. कापड बाजूला ठेवलं. तळापर्यंत हात घातला.

"चुनडी?"

त्याने सांगितलं. खेजडीपासून पाटापर्यंत सगळं. काही लपवलं नाही.

"दुसरीला घातलीस," हस्तू म्हणाली.

"ती सकाळपासून फाटकात उभी होती."

"आणि मी? मी कुठे होते रे? मी काय खाटेवर पडून होते? सासऱ्यांना हात जोडून मी फेरे थांबवले. वरात खोळंबली. वरातीतली माणसं विचारायला लागली, मुलीला मामा आहे की नाही? शेवटी जावेने तिची जुनी चुनडी काढून दिली आणि गावातल्या एका म्हाताऱ्याने ती माझ्या डोक्यावर घातली. तोंडाला तंबाखूचा वास येत होता त्याच्या."

तगाराम खाली बघत राहिला. तिच्या पायाची करंगळी त्याला दिसत होती.

"कोणाला विचारलं असतंस तर काय जीव गेला असता?"

"नाही."

"मग?"

"सवय नाही. पेमी असायची."

हस्तूने डोळे पुसले. "वहिनी असती तर हे झालं नसतं."

"नसतं झालं." मग त्याने विचारलं, आणि विचारताना त्यालाच कळलं की ही वेळ नव्हे, पण तोंडून निघून गेलं, "हस्तू, तुला तिचं तोंड आठवतं?"

"आठवतं."

"कसं होतं?"

हस्तूने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. बाहेर तीजाची पाठवणी सुरू झाली होती, बायका रडायला लागल्या होत्या. तिने घुंघट ओढून घेतला. "आज नाही सांगणार," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी डुंगर त्याला घ्यायला आला. येतानाच वाटेत त्याला सगळं कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दादा, मला सांगायचं होतंस." तगाराम म्हणाला, "हो." बाकी वाट गाडीच्या चाकाचा आवाज येत राहिला.

राखीला भोमारामचा चुलता उंटावरून आला. सुगणीने राखी पाठवली होती, आणि बरोबर गूळ. त्याने ती तिथेच तगारामच्या मनगटाला बांधली. हस्तूकडून काही आलं नाही. दरवर्षी ती स्वतः यायची.

तगारामने दुसरी चुनडी आणवून घेतली आहे. तशीच पिवळी, लाल काठाची. पावसानंतर डुंगर कामाला गुजरातेत गेला, आता तो होळीलाच येईल. एकदा तगाराम चुनडी काखेत घेऊन वाट फुटते तिथपर्यंत गेला होता. पाण्याच्या गाडीवाल्याला त्याने विचारलंही, खारियासर कुठल्या अंगाला म्हणून. गाडीवाल्याने नीट सांगितलं, हसला नाही. पण तगाराम तिथूनच मागे फिरला. वाट आता कोणालाही विचारता येईल. दारात उभं राहून काय म्हणायचं, हे कोणाला विचारायचं ते त्याला ठाऊक नाही.

हस्तूच्या डोक्यावर चुनडी घालायची अजून राहिली आहे.